छोट्या रिव्हॉल्व्हरला हाताजोगी मूठ : निवडण्यापासून बसवण्यापर्यंत

कारखान्यातून येणारी मूठ कुणा एका हातासाठी घडवलेली नसते. ती सगळ्यांना थोडीथोडी चालावी, खिशात मावावी आणि स्वस्तात निघावी, एवढाच तिचा हिशेब असतो. डवरा, वखर आणि कुऱ्हाड हाताळून रुंद झालेला आपल्याकडचा पंजा त्या बारीक मुठीवर नीट बसत नाही. करंगळी हवेत लोंबते, मधल्या बोटाचं पेर चापाभोवतीच्या कडीवर आपटतं आणि दुसऱ्या गोळीच्या वेळी हत्यार हातात फिरलेलं असतं. परवाना मिळवण्यासाठी आपण वर्ष-वर्ष तहसील, ठाणं आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या चकरा मारतो, पण हाताला चिकटणाऱ्या त्या एका भागाकडे पाहत नाही. हा लेख त्या भागाबद्दल आहे. मी इथे फक्त मुठीबद्दल लिहितो आहे. सांगाडा (शस्त्राचा धातूचा मूळ ढाचा), चाप, घोडा, स्प्रिंग यांना हात लावायचा नाही, हे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत धरून चला.

कायद्याची चौकट आधी

शस्त्र कायदा 1959 नुसार बंदूक-रिव्हॉल्व्हर दुरुस्त करायलाही परवाना लागतो. तुमच्याकडे शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे म्हणून गावच्या वाढईच्या दुकानात रिव्हॉल्व्हर ठेवून येता येत नाही. शस्त्र दुसऱ्याच्या ताब्यात देणं हा वेगळा गुन्हा होऊन बसतो. वाढईकडे जाईल ती फक्त सुटी केलेली जुनी मूठ आणि लाकडाचा तुकडा. शस्त्र घरी, कुलपात, तुमच्याच ताब्यात.

दुसरी गोष्ट क्रमांकाची. काही रिव्हॉल्व्हरवर शस्त्राचा क्रमांक किंवा कारखान्याची खूण मुठीच्या सांगाड्यावर, बुडाशी असते. नवी मूठ बसत नाही म्हणून तिथे कानस चालवली आणि खूण पुसट झाली, तर कायद्याचं कलम 8 लागू होतं. त्यामुळे बसत नसेल तर लाकूड घासायचं, लोखंड कधीच नाही. नव्या मुठीखाली एरवी दिसणारा क्रमांक झाकला जात असेल, तर तो घाट सोडून द्या. तपासणीच्या वेळी क्रमांक चटकन दिसायला हवा.

मूठ काढण्याआधी शस्त्र रिकामं करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत बंद करून या. मग उजेडात चक्रीचं, म्हणजे गोळ्या बसतात त्या फिरत्या भागाचं, प्रत्येक घर डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. मधे चहाला उठलात तर परत आल्यावर पुन्हा चाचपा. काम चालू असताना लेकरं त्या खोलीत नकोत.

काय खुपतंय ते ओळखा

आपल्याकडे परवान्यावर बहुतेक दिसतं ते भारतीय आयुध निर्माणीचं .32 रिव्हॉल्व्हर. त्याची घडण जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरची आहे : मधून मोडून उघडतं, सहा गोळ्या, मुठीला दोन पॅनल, म्हणजे दोन बाजूंच्या पट्ट्या, आणि ती दोन्ही धरणारा एक आडवा स्क्रू. कानपूरचं ‘निर्भीक’ 2014 साली आलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे त्याचं वजन जेमतेम 500 ग्रॅम आहे. खिशाला ते बरं, पण हलक्या शस्त्राचा धक्का हाताला जास्त कळतो आणि म्हणूनच त्याची मूठ जास्त विचाराने निवडावी लागते. .32 च्या काडतुसाचा धक्का तसा सौम्य असतो. तरीही हात दुखत असेल, तर दोष बहुधा काडतुसाचा नसून पकडीचा असतो.

रिकामं शस्त्र सुरक्षित दिशेला, भिंतीच्या पायथ्याकडे धरा. डोळे मिटून सहज पकड घ्या, मग डोळे उघडून एकेक गोष्ट तपासा.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खोबण सांगाड्याच्या पाठीवर किती उंच बसली आहे? जितकी उंच, तितकी नळी कमी उसळते. नळी तुमच्या हाताच्या, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या रेषेत आहे का? ती बाजूला गेली असेल तर मूठ तुमच्या मापाची नाही आणि तुम्ही नकळत हात फिरवून ते भरून काढता आहात. तर्जनीचं कोणतं पेर चापावर येतं? घोडा आधी न ओढता थेट चाप दाबायचा असेल तर दाब बराच लागतो, आणि बोटाचं पहिलं पेर किंवा त्याची घडी चापावर आली तर तो दाब सरळ मागे जातो. बोटाचं टोकच पोचत असेल तर मूठ जाड आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत जात असेल तर मूठ बारीक आहे, आणि दाबताना नळी बाजूला ढकलली जाते.

आता चापाच्या कडीच्या मागे, मधल्या बोटावर एक पोकळी असते ती बघा. छोट्या रिव्हॉल्व्हरचा अर्धा त्रास त्या पोकळीत आहे. तिथे भराव नसतो, म्हणून धक्क्याबरोबर कडी मधल्या बोटाच्या पेरावर आपटते. पुष्कळ लोकांना मूठ लांब करायची घाई असते, पण ही एक पोकळी भरली की आहे ती आखूड मूठही पुरते. माझं मत विचाराल तर खिशातल्या शस्त्राला पहिला बदल हाच करावा आणि करंगळीचा विचार त्यानंतर.

करंगळी खाली लोंबत असेल तर ती बुडाखाली दुमडून घेता येते. सवय झाली की पकड सुटत नाही. मूठ अर्ध्या इंचाने लांब केली की करंगळीला जागा मिळते, पण तेवढ्याने खिशातून शस्त्राचा आकार उठून दिसू लागतो.

कुठे ठेवणार, त्यावर घाट ठरतो

घरात तिजोरीत राहणाऱ्या शस्त्राची मूठ भरगच्च असली तरी चालते. पण सोयाबीन विकून बाजार समितीतून रोकड घेऊन संध्याकाळी मोटारसायकलवर गावी परतणाऱ्या माणसाचं शस्त्र खिशात किंवा कमरेला असतं, आणि तिथे वेगळे नियम लागतात. खिशात ठेवायचं तर खिशाचं कव्हर हवंच, ज्यात चाप पूर्ण झाकला जाईल. त्या खिशात दुसरं काही नको : चावी नको, चुन्याची डबी नको, खर्ऱ्याची पुडीही नको.

खिशासाठी मुठीचं बूड गोल हवं. चौकोनी कोपरा कापडावर उठतो आणि काढताना अस्तरात अडकतो. पृष्ठभाग गुळगुळीत नाही आणि खरखरीतही नाही, असा हवा. रबर इथे नडतं, कारण रबर हाताला धरतं तसंच कापडालाही धरतं. सुती पायजम्याच्या खिशातून रबरी मूठ काढताना खिसाच उलटा बाहेर येतो.

बोटांच्या खाचा असलेली मूठ दिसायला छान असते. पण त्या खाचा ज्याच्या बोटांच्या मापाच्या, त्यालाच त्या उपयोगी. बोट खाचेत न बसता उंचवट्यावर आलं की पकड आधीपेक्षा वाईट होते, आणि घाईत हात नेमका तिथेच पडतो. खाचा करायच्याच तर फक्त एक, मधल्या बोटापुरती, उथळ.

परदेशी तयार मुठीबद्दल थोडक्यात. होग, पॅकमायर यांच्या रबरी आणि लाकडी मुठी स्मिथ अँड वेसन, कोल्ट, रुगर यांच्या सांगाड्यांसाठी बेतलेल्या असतात. तुमच्याकडे आयात बंद होण्यापूर्वीचं त्यातलं एखादं शस्त्र असेल, तर सांगाड्याचं बूड गोल आहे की चौकोनी, एवढं पाहून घ्या. आपल्या .32 ला त्या बसत नाहीत आणि घासून-कापून बसवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा नवी घडवलेली बरी.

लाकूड

विदर्भात राहून मुठीसाठी लाकूड शोधायला लांब जावं लागत नाही, पण प्रत्येक चांगलं लाकूड या कामाला चांगलं असतंच असं नाही.

सागाचं नाव सगळ्यात आधी निघतं. आलापल्लीचा साग आणि बल्लारशाहचा डेपो देशभर माहीत आहे. साग आकसत-फुगत फार कमी, अंगचं तेल असल्यामुळे घामाला दाद देत नाही, आणि कोरायला सोपा. पण तो रेषेवर चिरतो. मुठीचं पॅनल स्क्रूच्या भोकापाशी आणि वरच्या निमुळत्या टोकाशी पातळ असतं, आणि साग तिथेच फुटतो. साग घ्यायचा तर रेषा मुठीच्या लांबीबरोबर सरळ जाणाऱ्या तुकड्याचा, टोकाला जरा जाड ठेवूनच.

शिसम माझ्या मते सर्वांत योग्य. घट्ट, जड, कडा धरून ठेवणारं, आणि तेल लावलं की रंग आपोआप खुलतो. त्याची धूळ मात्र नाकाला आणि कातडीला चावते. घासताना तोंडाला ओला रुमाल किंवा मास्क बांधाच.

बाभूळ चिवट आहे, पण तिच्यातलं टॅनिन घाम आणि लोखंडाच्या संगतीने काळं पडतं आणि सांगाड्यावर डाग उठतात. बिजा दिसायला सुंदर, पण ओला झाला की रंग सोडतो. बिजाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी कसं पिवळं-तपकिरी होतं, ते तुम्ही पाहिलं असेल. मे महिन्यात घामाने तोच रंग सदऱ्यावर उतरेल. धावडा कुऱ्हाडीच्या दांड्याला उत्तम, पण वाळताना तडकतो आणि बारीक कोरीव कामाला हट्टी. तिवस मिळालं तर घ्या. बंडी आणि शेतीच्या अवजारांना ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं आहे, धक्का सोसण्यात त्याचा हात धरणारं लाकूड थोडं.

सगळ्यात चांगला तुकडा बहुधा घरातच सापडतो. जुन्या बंडीचा मोडका भाग, उतरवलेल्या माळवदाची पट्टी, जुन्या दाराची चौकट. हे लाकूड कित्येक उन्हाळे-पावसाळे पाहून स्थिर झालेलं असतं आणि ताज्या लाकडासारखं वाकत नाही. खिळ्याची भोकं आणि वाळवीची पोखरण तेवढी तपासून घ्या. सुमारे 12 सेंटिमीटर लांब, 5 रुंद आणि दीड जाड असे दोन तुकडे पुरतात. दोन्ही एकाच फळीतून, शेजारी-शेजारी काढले तर दोन्ही बाजूंच्या रेषा जुळतात. जंगलातून तोडून आणू नका. सागाला आणि शिसमाला तोड-वाहतुकीचे नियम आहेत आणि एवढ्याशा तुकड्यासाठी वनखात्याचा गुन्हा अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

चितळ किंवा सांबराच्या शिंगाची मूठ कुणी सुचवेल. आपल्याकडे जंगलालगतच्या शिवारात गळलेली शिंगं सापडतातही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार ती ठेवणं, कोरणं, विकणं बेकायदा आहे. सापडलं तर वनरक्षकाला कळवा.

रबर आणि प्लास्टिकबद्दल एवढंच सांगतो, की 45 अंशांपुढच्या उन्हाळ्यात साधं रबर चिकट होतं आणि बंदुकीच्या तेलाने फुगतं.

कोरण्याआधी नमुना

ही पायरी लोक गाळतात, आणि मग चांगलं शिसम वाया जातं.

पहिला प्रयोग सायकलच्या ट्यूबचा. ट्यूबचा एक तुकडा आहे त्या मुठीवर चढवा, आठवडाभर घरात रिकामं शस्त्र धरून बघा. ट्यूबच्या जाडीने पकड सुधारली तर मूठ जाड करायची, बिघडली तर नाही. पुष्कळांचं काम इथेच संपतं आणि त्यात काही कमीपणा नाही.

पुढे जायचं असेल तर एम-सील आणा. सांगाडा, चाप आणि मूळ पॅनल यांवर पातळ पॉलिथिन घट्ट गुंडाळा, म्हणजे मसाला यंत्रणेत शिरणार नाही आणि लाकडालाही चिकटणार नाही. दोन्ही घटक नीट मळून चापाच्या कडीमागच्या पोकळीत आणि तळहात भरतो त्या जागी थापा. हाताला थोडं तेल लावून रोजच्यासारखी पकड घ्या, घट्ट आवळू नका. आवळून घेतलेला ठसा नेहमी बारीक निघतो. वाळल्यावर जास्तीचा भाग घासून टाका आणि पुन्हा धरून बघा. हाताला पटेपर्यंत कमी-जास्त करा. मग हा नमुना आणि मूळ पॅनल वाढईपुढे ठेवले की तोंडी समजावणं फारसं उरत नाही.

वाढई कोणता निवडावा? तान्हा पोळ्याला लाकडी नंदी कोरणारा. त्याला वळणाची, गोलाईची आणि दोन्ही बाजू सारख्या काढण्याची सवय असते. दारं-खिडक्या करणाऱ्याचा हात सरळ रेषेचा असतो.

घडवताना

काम आतून बाहेर करा. सगळी गोम इथे आहे. बाहेरचा आकार आधी काढला तर आतली बैठक जुळवता-जुळवता पॅनल पातळ होतं.

तुकड्याची आतली बाजू रंध्याने अगदी सपाट करा, काचेवर ठेवून डोलत नाही ना ते बघा. मूळ पॅनल त्यावर उलटं ठेवून टोकदार पेन्सिलने रेघ मारा आणि रेघेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर सोडून कापा. मूळ पॅनलच्या आतल्या बाजूला जिथे जिथे खोलगट आहे तिथे तिथे नव्यातही पटाशीने तितकंच खोल काढा. त्या पोकळ्या उगाच नसतात, मुख्य स्प्रिंगला हालायला तेवढी जागा लागते. लाकूड स्प्रिंगला घासलं तर चाप जड होतो किंवा घोडा पुरता पडत नाही.

स्क्रूचं भोक मूळ पॅनलच्या भोकातूनच पाडा, म्हणजे जागा चुकत नाही. मागे टाकाऊ लाकूड धरलं की भोकाची पलीकडची कड फुटत नाही. नवं पॅनल जाड असेल तर जुना स्क्रू पुरत नाही. तेव्हा लांब स्क्रू शोधत बसू नका. बाहेरच्या बाजूने स्क्रूच्या डोक्यापुरतं आणि पलीकडच्या पॅनलमध्ये नटापुरतं खोल करा, इतकं की भोकाच्या तळाशी उरणारी जाडी मूळ पॅनलएवढी राहील. जुनाच स्क्रू नेमका बसतो.

आता बैठक. सांगाड्याच्या कडेवर दिव्याच्या काजळीचा पातळ हात फिरवा, पॅनल दाबून बसवा आणि काढा. लाकडावर जिथे काळं उठलं तिथेच ते अडतं, तेवढंच खरवडा. पुन्हा लावा, पुन्हा बघा. वाढईकडे शस्त्र न्यायचं नाही, म्हणून हे काम घरी तुम्हालाच करायचं आहे, आणि ते तुम्हीच करावं हे बरं. सगळ्या काठावर काळं सारखं उठू लागलं की बैठक झाली. स्क्रू आवळून फट बुजवू नका. आज बुजलेली फट पुढे भेग होऊन परत येते.

मग बाहेरचा आकार. जाड कानस, मग बारीक, मग पॉलिश पेपर 80, 120, 220 या क्रमाने. दर थोड्या वेळाने पॅनल लावून हातात धरा. तळहातात थोडा फुगवटा, वर अंगठ्याखाली निमुळतं आणि बुडाशी गोल, असा घाट बहुतेक हातांना मानवतो. वरच्या भागात जाडी ठेवू नका, तिथे जाडी राहिली की चाप लांब जातो. ज्याची चक्री बाजूला उघडते असं रिव्हॉल्व्हर असेल तर डावं पॅनल वरून नीट उतरतं करा, नाहीतर रिकामी काडतुसं त्यावर अडकतात. आपल्या मोडून उघडणाऱ्या .32 ला ही अडचण नाही, त्याची काडतुसं वरच्या वर बाहेर येतात.

घरातल्या बाईच्या नावावर परवाना असेल तर मूठ तिच्याच हाताच्या ठशावर घडवा. बारीक हाताला फुगवटा नको असतो, चापापर्यंतचं अंतर कमी हवं असतं, आणि त्यासाठी दोन्ही पॅनल बाजूंनी उतरवावी लागतात. पुरुषाच्या हाताला बसलेली मूठ दोघांनी वापरायची, ही तडजोड कामाची नाही.

तेलपाणी

आरशासारखी चकाकी नको. घामेजलेल्या हातातून चकचकीत मूठ सुटते. 220 पर्यंत घासून थांबा, फार तर 320.

जवसाचं तेल या कामाला सर्वांत चांगलं, आणि ते आपल्याच शेतातलं. हे तेल हवेने वाळून लाकडात घट्ट होतं. तीळ किंवा शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं. कच्च्या जवसाला वाळायला बरेच दिवस लागतात. रंगाच्या दुकानात लाकडासाठी मिळणारं उकळवलेलं जवसाचं तेल लवकर वाळतं. कापडाने अगदी पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून टाकायचं, पूर्ण वाळल्यावर दुसरा हात. चार-पाच हात पुरतात. आतल्या बाजूलाही लावा, नाहीतर पावसाळ्यात लाकूड आतून ओल पितं आणि पॅनल वाकतं.

तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेतं. वैशाखात, कुटाराच्या ढिगाजवळ, हा धोका खराखुरा आहे. फडकं पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

बसवल्यावर

स्क्रू हाताने बसेल तितका, वर अगदी थोडा. सैल होत असेल तर आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब पुरतो, पुढे उघडताही येतो. रिकाम्या शस्त्रात डमी काडतुसं घालून चाप दाबून बघा : घोडा पूर्ण जातो का, चाप मोकळा परत येतो का, शस्त्र उघडताना-मिटताना लाकूड कुठे लागतं का. काहीही अडलं तर आधी मूळ पॅनल लावून तपासा. मुळातही अडत असेल तर काम परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याचं आहे.

खरी परीक्षा गोळीबाराच्या मैदानावरच होते. नेमबाजीच्या मान्यताप्राप्त रेंजवर जा, थोड्या गोळ्या झाडा, आणि पहिल्या गोळीनंतर पकड जागेवर आहे का ते पाहा. तळहातावर लाल ठिपका उठला असेल तर तिथे लाकूड उंच आहे. शेतात, नाल्यात, वरातीत हा प्रयोग करू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या प्रसंगी गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

हे सगळं काम दिवाळीनंतर, थंडीत काढलं तर उत्तम. मे महिन्याच्या कोरड्या हवेत लाकूड आकसलेलं असतं आणि श्रावणात फुगतं. थंडीत बसवलेली मूठ दोन्ही टोकांना सोसते. पहिला पावसाळा संपला की पॅनल उघडा. घामाचं मीठ पॅनलखाली साचतं आणि गंज तिथेच, डोळ्यांआड धरतो. कोरड्या फडक्याने पुसा, लोखंडावर बंदुकीच्या तेलाचा नुसता वास राहील इतकाच हात फिरवा, आणि लाकडाला ते तेल लागू न देता परत बसवा.

मूळ पॅनल फेकू नका, घासू नका, कुणाला देऊ नका. पुडीत बांधून परवान्याच्या कागदांबरोबर ठेवा. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र ठाण्यात जमा करायची नोटीस आली की घडवलेली मूठ काढून घरी ठेवा, मूळ पॅनल लावा, शस्त्राचा आणि क्रमांकाचा फोटो काढा आणि पावती घेऊनच ठाण्यातून बाहेर पडा. शस्त्र परत मिळालं की काजळीची परीक्षा एकदा पुन्हा करून मगच आपली मूठ चढवा.